तुम्ही विचारलंत म्हणून: बोल्ट मागे जातच नाही, मग मॅडसन चालते कशी?

मॅडसन मशीनगनचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. ब्रेन ही ब्रिटिशांची हलकी मशीनगन उघडून पाहिलेल्यांकडून तर हमखास येतो. ब्रेनमध्ये बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागे सरकतो, परत येताना मॅगझिनमधलं सर्वांत खालचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत, नेतो आणि स्वतःच तिथे अडकून दार बंद करतो. मॅडसनमध्ये असा सरकणारा बोल्टच नाही. मग नवं काडतूस आत ढकलतं कोण आणि रिकामी पुंगळी बाहेर ओढतं कोण?

उत्तरासाठी आधी मार्टिनी-हेन्री रायफल आठवायला हवी. ही ब्रिटिशांची एकबारी रायफल, हिंदुस्थानातही भरपूर वापरली गेलेली. तिच्या नळीमागे एक ठोकळा असतो, मागच्या टोकाला बिजागरीसारखा अडकवलेला. खालचा लिव्हर दाबला की ठोकळ्याचं पुढचं टोक झुकतं आणि चेंबरचं तोंड उघडतं. ठोकळ्याच्या पाठीवर पन्हळ असते. शिपाई त्या पन्हळीत काडतूस ठेवून अंगठ्यानं आत लोटतो, लिव्हर परत वर घेतो, आणि ठोकळा काडतुसाच्या बुडाला टेकून उभा राहतो.

मॅडसन म्हणजे हीच रायफल, फक्त शिपायाच्या हाताची सगळी कामं गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावर करणारी. यूलियस रासमुसेन हा तिच्या रचनेमागचा एक मुख्य माणूस. नाव मात्र लागलं ते तिचा पाठपुरावा करणाऱ्या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याचं, मॅडसनचं. १९०२ साली डेन्मार्कच्या सैन्यानं ती स्वीकारली. वजन साधारण ९ किलो, मॅगझिन वरून, जरा डावीकडे लावायचं, २५, ३० किंवा ४० काडतुसांचं. हलकी मशीनगन हा प्रकार खऱ्या अर्थानं हिच्यापासून सुरू झाला.

आता आतली हालचाल. उजवा हात कोपरापासून टेबलावर आडवा ठेवा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, बोटं जोडून सरळ. मनगट म्हणजे बिजागरी, बोटं म्हणजे ठोकळा, बोटांच्या टोकांपुढे चेंबर. बोटं सपाट असली की दार बंद. गोळी सुटते, आणि नळी व ठोकळा एकत्रच मागे निघतात. पहिले १२.७ मिलिमीटर ठोकळा वर-खाली हलत नाही. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि आतला दाब उतरतो. मग ठोकळ्याच्या बाजूची पिन उजव्या भिंतीवरच्या पट्टीतल्या खाचेत वर चढते. आता बोटं वर उचला. उघडलेल्या चेंबरमधून नळीखालचा लिव्हरसारखा एक्स्ट्रॅक्टर पुंगळी ओढतो, ती ठोकळ्याच्या खालून सरकत गनच्या तळातून बाहेर पडते.

नळी मागे पोचली की खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातली स्प्रिंग तिला पुढे ढकलू लागते. पिन आता खाचेच्या दुसऱ्या, खालच्या वाटेनं जाते. बोटं खाली झुकवा. मॅगझिनमधलं एक काडतूस ठोकळ्याच्या डाव्या बाजूच्या पन्हळीत उतरतं आणि नळीबरोबरच मागेपुढे जाणारा एक झुलता दांडा त्याला बुडाकडून आत लोटतो. मार्टिनीतल्या अंगठ्याचं काम करतो तो हा दांडा. शेवटी बोटं परत सपाट, दार बंद. मिनिटाला सुमारे ४५० गोळ्यांचा वेग धरला, तर हे सगळं एका सेकंदाच्या साधारण साडेसातव्या हिश्शात उरकतं.

इतर गनमध्ये एकटा बोल्ट जे करतो, ते इथे ठोकळा, एक्स्ट्रॅक्टर आणि दांडा वाटून घेतात, आणि या तिघांची वेळ त्या खाचेच्या वळणावर ठरते. मला या गनमधला सर्वांत सुंदर भाग विचाराल तर ती पट्टीच. पण दुखणंही तिथूनच सुरू होतं. एकाला उशीर झाला की तो पुढच्याच्या माथी बसतो. घाण किंवा घट्ट झालेलं वंगण नळीची धाव अडवतं, आणि धाव अपुरी पडली की पिन योग्य वाटेला लागायच्या आधीच परत फिरते. ठोकळा पुरता झुकलेला नसताना दांडा हलला, तर काडतुसाचं नाक सरळ ठोकळ्यावर आदळतं.

दांडा झुलता असल्यानं त्याचं टोक सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातं. काडतूसही थोडं तिरकंच आत शिरतं. म्हणून पन्हळ, दांडा आणि मॅगझिनचा बाक हे तिन्ही त्या-त्या काडतुसाला नेमके जुळवावे लागतात. ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री काडतुसावर ही गन अडकते असा बोलबाला झाला आणि दोष काडतुसाच्या बुडाच्या कडेला, म्हणजे रिमला दिला गेला. रिमवाली काडतुसं एकमेकांवर चढून बसतात हे खरं. पण डेन्मार्कचं स्वतःचं ८ मिलिमीटरचं काडतूस रिमवालंच होतं, आणि रशियाचं ७.६२ देखील. रशियानं तर जपानशी युद्धाच्या काळात घोडदळासाठी मॅडसन घेतल्या होत्या. त्यामुळे एकट्या रिमवर बोट ठेवणं मला पटत नाही. खरी अडचण जुळणीची.

साफसफाई मात्र वाटते तेवढी किचकट नाही. मागचा खिळा काढला की दस्ता खाली झुकतो आणि नळी ठोकळ्यासकट मागून बाहेर ओढून घेता येते. किचकट होतं ते कारखान्यातलं काम. कठीण पोलादात कोरलेल्या त्या खाचेला आणि हातानं बसवलेल्या भागांना पैसा फार लागे. १९२६ नंतर चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची झेडबी ही हलकी मशीनगन बाजारात आली. वायूच्या दाबावर चालणारी, बनवायला सोपी. ब्रेन तिच्याच वंशातली. मॅडसनची रचना इतरांनी उचलली नाही, तरी तिचं उत्पादन १९५० च्या दशकापर्यंत चाललं.

ब्राझीलनं त्यांच्याकडच्या ७ मिलिमीटरच्या मॅडसन नाटोच्या ७.६२ वर बदलून घेतल्या. त्या गन रिओच्या पोलिसांच्या हातात या शतकातही दिसल्या.