लिलावाचे पैसे आणि चौकशी समिती: माझा अनुभव

चर्चमधल्या हंगामाच्या सणाचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आधी तो समजावून सांगावा लागेल. उपासना झाली की वेदीसमोर आणून ठेवलेलं सगळं बोली लावून विकतात: पायलीभर ज्वारी, भोपळे, गावरान कोंबडी, अंड्यांचा ट्रे, घरी केलेला केक. बोली वस्तूच्या किमतीवर नाही, माणसाच्या हुरूपावर चढते. साधा नारळ हजाराला जातो, घेणारा तो तिथल्या तिथे परत दान करतो आणि पुन्हा बोली सुरू. पैसे मात्र त्याच वेळी खिशातून निघतात असं नाही. "लिहून घ्या माझ्या नावावर" म्हणायचं आणि जेवायला बसायचं, ही आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, जुनी रीत.

त्या वर्षी माइकवर जाहीर झालेली रक्कम आणि बँकेत भरलेली रक्कम यांत सत्तरेक हजारांची तफावत निघाली. झालं! "खजिनदाराने पैसे खाल्ले" हे बघता बघता पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांपर्यंत पोचलं. पुरावा काय, तर त्यांच्या दारात नवी मोटरसायकल उभी होती.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने तिघांची समिती नेमली. मी पतसंस्थेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेली, कीर्द-खतावणीत आयुष्य गेलेलं, म्हणून माझं नाव पुढे आलं. मी एकच अट घातली. तिघांत खजिनदारांचा नातेवाईक नको, आणि मागच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभा राहिलेलाही नको. आमच्याकडे निम्मी मंडळी एकमेकांची व्याही नाहीतर साडू. त्यामुळे ही अट पुरी करण्यातच बराच वेळ गेला.

पहिल्या बैठकीत हिशेब राहिला बाजूला, बायबलातल्या वचनांचीच लढाई जुंपली. एक ज्येष्ठ म्हणाले, मत्तय १८ प्रमाणे आधी त्यांना एकट्याने जाऊन भेटा, बोभाटा कशाला? दुसऱ्यांनी १ करिंथ ६ काढलं: भावाने भावावर फिर्याद करू नये, तेव्हा धर्मादाय आयुक्तांचं नावही नको. तरुणांना थेट पोलीस ठाणं गाठायचं होतं. मला विचाराल तर मत्तय १८ मधली ती पहिली पायरी एका भावाने दुसऱ्याचा अपराध केला तर काय करावं, याची आहे. मंडळीचा पैसा हा दोघांतला मामला नव्हे. शिवाय आमचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. हिशेब तपासून घेणं ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे, त्यात भावाला कोर्टात खेचणं कुठे आलं?

आणि १ तीमथ्य ५. दोघा-तिघांच्या साक्षीशिवाय वडिलांवर, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवर, आरोप घेऊ नये, हे १९वं वचन सगळ्यांना पाठ. त्याला लागूनच २०वं आहे, पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दाखव म्हणणारं. आणि २१वं, पूर्वग्रह आणि पक्षपात नको म्हणणारं. ज्याला माणूस वाचवायचा असतो तो १९ वर थांबतो, ज्याला बुडवायचा असतो तो २० पासून सुरू करतो. "पाळकसाहेब, तिन्ही सलग वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचली, आणि मग कुठे काम सुरू झालं.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. पैशाचा मामला होता म्हणून समिती. लेकराच्या अंगाला कुणी हात लावल्याची तक्रार असेल तर "आधी आपण आपल्यात शहानिशा करू" हे चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि तपास त्यांचाच.

आम्ही आधी पावतीपुस्तकं, लिलावाची वही, कीर्द, भरणा स्लिपा ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या यादीवर खजिनदारांची सही घेतली. मग माणसं, एकेकाला वेगळं बोलावून. हे मला भावजयीने सुचवलं. ती वसईची कॅथलिक. त्यांच्या बायबलात दानिएलाच्या १३व्या अध्यायात सुसान्नेची गोष्ट आहे, ती आमच्या बायबलात नाही. समाजातले दोन वडीलधारे पुढारी तिच्यावर बदकर्माचा आळ घेतात. दानिएल दोघांना वेगळं करून एकच विचारतो: कोणत्या झाडाखाली? दोघं वेगवेगळी झाडं सांगतात. आम्हीही तेच केलं. "रोख देताना मी पाहिलं" म्हणणाऱ्यांना विचारलं, कुणी दिले, मांडवात की व्हरांड्यात, पावती फाडली का? बहुतेकांनी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. त्यांच्या जबाबापुढे आम्ही "ऐकीव" असं लिहिलं. त्यावरून दोघे रुसले, ते रुसलेलेच आहेत.

सत्तर हजारांचा ताळा लागला. बराचसा भाग उधारीच्या बोल्यांचा, आणि उरलेला परत परत विकलेल्या नारळांसारख्या वस्तूंचा, ज्यांचे पैसे आपण नक्की कितीदा द्यायचे हे घेणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. लिलावातला एक रुपयाही खजिनदारांनी खाल्लेला नव्हता.

पण पुस्तकं उघडलीच होती, म्हणून आम्ही सभासदांकडून वर्गणीच्या मूळ पावत्या मागवल्या आणि पावतीपुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतींशी जुळवायला बसलो. बाकी सगळ्या स्थळप्रतींवर कार्बनचा निळसर, जरा फिसकटलेला ठसा होता. काहींवर मात्र सरळ पेनाची शाई. सभासदाच्या हातातल्या पावतीवर दीड हजार, स्थळप्रतीवर पाचशे.

खजिनदारांना आम्ही लेखी प्रश्न दिले, पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, पुरेशी मुदत दिली, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा म्हटलं. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये आहेच, पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. ते मेव्हण्याला घेऊन आले. मोटरसायकलच्या कर्जाचे कागदही त्यांनी आणले होते, आम्ही मागितले नसताना. पावत्यांबद्दल म्हणाले, कार्बन संपला होता, नंतर आठवून लिहिलं.

"भाऊ, मग आठवण दर वेळी कमीच्याच बाजूला कशी गेली?"

याला उत्तर आलं नाही. मेव्हण्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लिहून द्या आता." त्यांनी लिहून दिलं, रक्कम भरली, राजीनामा दिला.

अहवालात "चोरी" लिहायचं की "चूक", यावर कमिटीत दोन तट पडले. आम्ही दोन्ही शब्द टाळले. पावती क्रमांक, दोन्ही रकमा आणि त्यांचा जबाब जसाच्या तसा लिहिला, आणि लिलावाबद्दलचा आरोप निराधार असल्याचंही त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे. उपासनेत नाही, तर सभासदांच्या सभेत तो वाचला. एक प्रत डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला गेली, एक ऑडिटरला. खजिनदारांच्या घरच्यांना वाटलं आम्ही त्यांची अब्रू घालवली, तरुणांना वाटलं आम्ही पांघरूण घातलं. बोली लावून पैसे न देणाऱ्यांची नावं सभेत वाचली नाहीत, त्यांना वेगवेगळी पत्रं गेली. बरीच वसुली झाली.

आता लिलावात जागेवर क्यूआर कोड, नाहीतर वहीत सही. बोल्या पूर्वीसारख्या चढत नाहीत, काही जुन्या लोकांना ते खटकतं. ते माजी खजिनदार उपासनेला येतात, प्रभुभोजन घेतात, आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. त्यांना पुन्हा हिशेबाचं पद द्यावं असा ठराव येत्या वार्षिक सभेत येतोय. मी त्याच्या विरोधात मत देणार आहे, आणि तसं त्यांना घरी जाऊन सांगूनही आले आहे.