कोयता, खारं वारं आणि गंज

समुद्राकाठच्या वाडीत लोखंड गंजायला पावसाची वाट बघावी लागत नाही. आमची नारळी-पोफळीची वाडी गुहागरात, पुळणीला जवळजवळ लागूनच. वैशाखातल्या रखरखीत दुपारीसुद्धा पडवीतल्या विळ्यावर तांबूस पूड दिसते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पात्यावर बसतं, रात्रीची ओल धरून ठेवतं आणि एरवी सावकाश होणारं काम भराभर उरकतं. त्यात उन्हाळ्यात विहीर मचूळ होते, म्हणजे चिखल धुवायला घेतलेल्या पाण्यातही मीठ असतंच. माझी पुण्यातली मावसबहीण गच्चीवरच्या कुंड्यांच्या खुरप्याला वर्षभर हातही लावत नाही आणि तिचं निभतं. इथे नाही निभत.

गंज काढायचा म्हटलं की हल्ली सगळे आधी व्हिनेगर सुचवतात. मी आम्लाकडे सगळ्यात शेवटी वळते. वरवरचा गंज असेल तर नारळाचं सोडण, चुलीतली चाळलेली राख आणि दोन थेंब गोडं तेल एवढ्यात काम होतं. सोडणाचा काथ्या राठ असतो, धारेला मात्र इजा करत नाही. त्याने हटला नाही तर तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाडा आणि नंतर बारीक. ग्राइंडर मी कोयत्याला लावू देत नाही. ठिणग्या उडवत दोन मिनिटांत पातं चकचकीत होतं खरं, पण धारेवर निळसर झाक आली की त्या कोयत्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग कितीही धार लावा, दोन शहाळी सोलली की बोथट. पुन्हा पाणी द्यायला लोहार शोधत फिरा.

खोल गेलेल्या, पापुद्रे सुटलेल्या गंजाला मात्र आम्ल लागतं. पापुद्र्यांच्या आत ओल साठून राहते, त्यामुळे वरून घासून भागत नाही. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व (तेच किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड) घालून त्यात रात्रभर फक्त लोखंडाचा भाग बुडवायचा. दांडा बाहेर, नाहीतर लाकूड फुगतं. कुदळीसारखं आडमाप हत्यार असेल तर त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधते. आमच्याकडे पितळेची भांडी घासायच्या सवयीने कोणीतरी हमखास कोकमाचं आगळ पुढे करतं. आगळात मीठ असतं! लोखंडाला ते लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

सकाळी काळा गाळ ब्रशने काढून टाकायचा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसून उन्हात. "लगेच" हे मनापासून सांगते आहे. आम्लातून निघालेलं लोखंड उघडंबोडकं असतं, चहा पिऊन येईपर्यंत त्याच्यावर पुन्हा पिवळट छटा धरते. कोरडं झालं की गरम असतानाच तेल.

सिकेटरचा (फांद्या छाटायच्या कात्रीचा) नट सोडून पाती वेगळी करायची, स्प्रिंग मात्र आम्लात टाकायची नाही. कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकतं. घमेल्याला जस्ताचा मुलामा असेल तर तेही बाजूला ठेवा, आम्ल आधी तो मुलामाच खातं. आणि पहार, टिकाव यांच्या मागे मी लागतच नाही. जाडजूड लोखंड ते, कातळात चार घाव घातले की आपोआप लखलखतं.

तेल कोणतं, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. गाडीतलं जळकं ऑईल फुकट मिळतं आणि टिकतंही, म्हणून गडीमाणसांना ते आवडतं. मला नाही. त्यात इंजिनातली धातूंची झीज आणि नको ती रसायनं असतात. ज्या विळ्याने अळूची पानं कापायची त्याला ते कशाला? मी पात्याला खोबरेलच लावते, जाड थर नाही, फडक्याने पुसल्यासारखं. थंडीत ते थिजतं, पण लोखंडावरचा थर काही सुटत नाही. दांड्यांना अळशीचं तेल. ते लाकडात मुरून सुकतं. मात्र त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

रोजचा नेम एवढाच: संध्याकाळी चिखल काढायचा, फणसाचा चीक असेल तर तेलाने सोडवायचा, पातं पुसायचं आणि हत्यार खुंटीला टांगायचं. जमिनीवर किंवा भिंतीशी टेकवून नाही, आमच्या जमिनी पावसात ओल सोडतात. काहीजण तेल घातलेल्या वाळूच्या बादलीत हत्यारं खुपसून ठेवतात. पद्धत चांगली आहे, पण वाळू नदीची हवी. समोरच्या पुळणीवरची फुकटची वाळू आणून बादली भरलेली मी शेजारच्या वाडीत पाहिली आहे. काय बोलणार!

खंडेनवमीला हत्यारं घासून पुसून पुजायची आपली रीत छानच आहे, पण तोवर पाऊस खाऊन-पिऊन निघालेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो तो. म्हणून माझं मोठं घासकाम मे अखेरीस. त्याला दुसरंही कारण आहे. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी (पावसात फळं कुजवणारी बुरशी) पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारायचं असतं: १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण बरोबर जमलं का, हे बघायला घासलेलं पातं त्यात थोडा वेळ धरतात. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घालायची. आता पातं आधीच गंजाने लाल असेल तर तांबं कुठलं आणि गंज कुठला, कसं ओळखणार? त्यासाठी एक जुना विळा मी वेगळाच ठेवला आहे. तो कापायला कोणी नेला तर माझी बोलणी खातो.