तुंगनाथच्या दगडांत पायकाची वाट पाहताना

गेल्या मे महिन्यात उत्तराखंडातील तुंगनाथला मी चार दिवस मुक्काम केला, तो केवळ रॉयलच्या पायकाचे मनासारखे छायाचित्र मिळावे म्हणून. वीतभरही नसलेला, गोल कानांचा, बाहेरून शेपूट न दिसणारा हा प्राणी उंदरासारखा वाटत असला तरी तो सशाच्या गणातला आहे आणि दगडांच्या खचातील फटी हेच त्याचे घर असते.

चोपट्याहून निघालेली फरसबंद वाट सुमारे ३,६८० मीटर उंचीवरच्या मंदिरापर्यंत जाते आणि तिच्या कडेच्या दगडांतच पायके राहतात. त्यामुळे तो दिसणे अवघड नाही; तो थांबणे अवघड आहे. पहिल्या दिवशी हालचाल दिसेल तिकडे मी कॅमेरा घेऊन धावलो आणि संध्याकाळी पाहिले, तर बहुतेक चित्रांत नुसते दगड होते. शिवाय अंगावर दाट केस असलेल्या या प्राण्याला ऊन सोसत नाही, तो सकाळ-संध्याकाळ चरतो आणि भर दुपारी सावलीच्या फटीत बसतो, हे ठाऊक असूनही मी दुपार वाया घालवली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्राण्याऐवजी त्याच्या खुणा शोधल्या. एका फटीच्या तोंडाशी मिरीएवढ्या गोल लेंड्यांचा ढीग होता आणि शेजारी नुकतीच कुरतडलेली हिरवी पाने पडली होती. तिथून सात-आठ पावलांवर, माझी सावली फटीवर पडणार नाही अशा बेताने, मी बैठक ठरवली. तांदळाची छोटी पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर ४०० मिलीमीटरची लेन्स टेकवली, शटरचा आवाज बंद केला आणि थंडीत लवकर उतरणारी जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवली. काही पर्यटक बिस्किटे टाकून पायक्याला बाहेर बोलावतात. मला ते मुळीच मान्य नाही, कारण त्याचे अन्न त्या उतारावरच आहे आणि चित्रासाठी त्याची सवय बिघडवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बसलो. तासाभराने फटीतून आधी मिशा आल्या, मग काळेभोर डोळे आणि मग तांबूस खांदे. तो दोनदा आत गेला. मी बोटसुद्धा हलवले नाही. तिसऱ्यांदा बाहेर येऊन त्याने एक पान देठाजवळ तोडले आणि ते तोंडात आडवे धरून माझ्याकडे वळला. एक सहस्रांश सेकंदाच्या वेगाने मी अकरा चित्रे घेतली. त्यांपैकी दोनच डोळ्यावर नेमकी स्पष्ट आहेत. एवढ्यात वाटेवर घुंगरांचा आवाज करीत खेचर आले आणि तो पानासकट आत गेला. ऊन दगडांवर पसरेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.