अलास्का क्रूझ: बाहेर ग्लेशियर, आत बिंगो

तिकीट बुक केल्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाद, केबिन डाव्या बाजूची घ्यायची की उजव्या. नवऱ्याने कुठे कुठे वाचून ठरवलं की जाताना उजवी बाजू चांगली, मग कोणीतरी सांगितलं नाही हो डावी, शेवटी जी स्वस्त मिळाली ती घेतली. आणि आता आधीच सांगून टाकते, ग्लेशियर बे मध्ये जहाज ग्लेशियरसमोर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरतं, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. त्यामुळे त्या वादात गेलेले तीन आठवडे फुकट.

ठाण्याहून आई-बाबा आमच्याकडे सिएटलला आले होते, जून महिना, लेकीला नुकती सुट्टी लागलेली, म्हणून सात दिवसांची क्रूझ. सिएटल, मग एक दिवस नुसता समुद्र, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन, व्हिक्टोरिया आणि परत. व्हिक्टोरिया कॅनडात आहे, अलास्काच्या ट्रिपमध्ये ते कशाला असं बाबांनी विचारलं तर त्यामागे 1886 चा एक अमेरिकन कायदा निघाला, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून माणसं घेऊन अमेरिकेतच परत आणायची तर मध्ये एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. बाबांना असली माहिती मिळाली की त्यांचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

माझे मात्र होत नाहीत. मला तो रोग आहे, 'सगळं इन्क्लुडेड आहे' हा. एकदा पैसे भरलेत ना, मग शो पण बघायचा, ट्रिविया पण खेळायची, योगा पण, चहाबरोबरचे ते छोटे छोटे सँडविच पण. मी चक्क एक्सेल शीट केली होती हो, रोजचा कार्यक्रम, कोण कुठे किती वाजता, रंग देऊन. नवरा म्हणाला यात 'बाहेर बघणे' हा कॉलम कुठे आहे? मी म्हटलं ते काय, मधे मधे होईलच की.

पहिला दिवस समुद्राचा. माहितीपत्रकात सगळीकडे 'इनसाइड पॅसेज', म्हणजे बेटांच्या आडून जाणारा शांत पाण्याचा मार्ग, असं लिहिलेलं असतं, पण सिएटलहून निघणारी बरीचशी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, म्हणजे उघड्या समुद्रातून जातात हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पहिल्या रात्री जहाज असं डुलायला लागलं की कपाटातले हँगर आपोआप टकटक टकटक. आईने ठाण्याहून आणलेल्या आलेपाकाच्या वड्या काढल्या, अख्ख्या केबिनला वाटल्या, त्या वड्यांवर आम्ही तरलो. बाहेर दिवसभर नुसतं पाणी आणि धुकं, त्यामुळे त्या दिवशी माझी शीट एकदम हिट. बिंगो झाला, ट्रिविया झाली (आमचा नंबर शेवटून दुसरा), आईने बॉलरूम डान्सच्या क्लासमध्ये बाबांना ओढून नेलं. असे दिवस असतातच प्रत्येक क्रूझवर, जे काय आतलं करायचंय ते तेव्हा मनसोक्त करून घ्यावं.

गडबड झाली ती त्याच दिवशी संध्याकाळी. थिएटरमध्ये निसर्गतज्ज्ञ बाईंचं व्हेलवर व्याख्यान, मस्त बोलत होत्या, हंपबॅक व्हेल शेपटी कशी वर काढतो, श्वासाचं कारंजं कसं ओळखायचं, आम्ही पाचशे माणसं बिनखिडकीच्या अंधारात बसून पडद्यावरचे व्हेल बघतोय. बाबा आले नव्हते, त्यांना असल्या एसीत झोप येते. ते डेकवर होते, जेवताना शांतपणे म्हणाले, मघाशी तीन कारंजी दिसली बुवा, व्हेल असतील का? आईने माझ्याकडे जे बघितलं ना.

जुनो आणि स्कॅगवेबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. जुनोला, म्हणजे अलास्काच्या राजधानीला, बाहेरून जाणारा रस्ताच नाही, एकतर विमान नाहीतर बोट. आणि स्कॅगवेची 1900 साली पूर्ण झालेली घाटातली छोटी ट्रेन बघून आई म्हणाली, माथेरानची मोठी बहीण. बंदराच्या दिवशी प्रश्नच नसतो, सगळे उतरतात, आपणही उतरायचं.

खरी परीक्षा पाचव्या दिवशी, ग्लेशियर बे. इथे जहाज कुठेही थांबून कोणाला उतरवत नाही, अख्खा दिवस नुसतं आत जायचं, बघायचं, परत यायचं. दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात. सकाळी तोंडाशीच एक छोटी बोट येऊन जहाजाला चिकटते आणि नॅशनल पार्कचे रेंजर दोराच्या शिडीने वर चढतात, दिवसभर तेच माईकवर माहिती देतात. हे बघायला बाबा सहाला उठून तयार, कानटोपी, मफलर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट. वरच्या डेकवर गेले तर पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर ब्लँकेटं टाकून ठेवलेली, माणूस एक नाही. बाबा म्हणाले, अरे हे तर आपल्या एसटीसारखं, खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली.

तिथून आम्हाला वाचवलं ते आमच्या वेटरने. मडगावजवळचा मुलगा, पहिल्याच रात्री आईचं शाकाहारीचं ऐकून त्याने आपण होऊन डाळ-भात आणला होता, तेव्हापासून तो आईचा. नाश्त्याला तो म्हणाला, "आंटी, वर जाऊ नका, थंय सगळी गर्दी. खालच्या प्रोमेनेड डेकवर मागच्या बाजूला जावा, वारं लागत नाही आणि पाणी पण जवळ दिसतं." अगदी खरं निघालं. वरून सगळं पोस्टरसारखं दिसतं, खालून ते अंगावर येतं. पाण्यातून तरंगत जाणारे बर्फाचे तुकडे, एकावर सील आडवा पडलेला, तो मान वर करून आपल्याकडे बघतोय हे खालूनच कळतं. हो, आणि दुर्बीण न्यायची असेल तर सात-आठ पटीची न्या, आमची दहा पटीची होती, हात हलले की सील आकाशात जायचा.

सकाळच्या त्या चार तासांबद्दल मला जरा निवांत लिहायचंय, कारण माझ्या शीटमध्ये तिथे 'काही नाही' असं लिहिलेलं होतं. 1794 साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापासून थोडं आत बर्फाची भिंत. रेंजरने साल सांगितलं तसे बाबा म्हणाले, म्हणजे महादजी शिंदे गेले ते वर्ष! मग 1879 ला निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे गेलेला, आणि 1916 पर्यंत पासष्ट मैल. पासष्ट मैल म्हणजे साधारण ठाणे स्टेशन ते इगतपुरी. एवढं सगळं बर्फाखाली होतं आणि आम्ही त्यावरून कॉफी पीत चाललो होतो. आणि हे नुसतं ऐकायचं नाही, काठावर दिसतं. तोंडाशी गर्द जंगल, स्प्रूसची उंच झाडं, कारण तिथला बर्फ सगळ्यात आधी गेला, आत जाल तसं जंगल संपून झुडपं, मग नुसतं शेवाळ, मग उघडा खडक, जणू डोंगराला अजून कपडे घालायचेत. मधे साउथ मार्बल नावाचं बेट लागतं, तिथे खडकावर सी लायन्सची झुंबड, त्यांचा आवाज आणि वास दोन्ही आधी येतात, बेट नंतर. आई म्हणाली ससून डॉक.

तर असं चाललेलं असताना अकरा वाजता आम्ही मार्जरी ग्लेशियरसमोर पोचलो. पाण्यावर अडीचशे फूट, म्हणजे पंचवीस मजली बिल्डिंग, आणि रुंदी एक मैल. भेगांमधून तो निळा रंग, फोटोत खोटा वाटतो पण खरंच तसा असतो, दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ लाल प्रकाश पिऊन टाकतो आणि निळा तेवढा सोडतो. शेजारी एक काळाकुट्ट ढिगारा होता, आई म्हणाली हे काय, रस्त्याचं काम चालूये का? तो ग्रँड पॅसिफिक ग्लेशियर. ज्याने ही अख्खी खाडी कोरली तो हाच, आता अंगावर दगडमाती घेऊन पडलाय, कोणी त्याचा फोटोसुद्धा काढत नव्हतं.

आता माझा गुन्हा. सव्वाअकराला 'टॉवेलचे प्राणी बनवा' अशी कार्यशाळा होती. रोज रात्री केबिनमध्ये टॉवेलचा माकड-हत्ती करून ठेवतात ना, ते शिकवणार होते, लेकीने दोन दिवस धोशा लावलेला आणि नावं आधीच दिलेली. मी हिशोब केला, जहाज इथे तासभर आहे, वीस मिनिटांत येतो परत, ग्लेशियर काय कुठे पळून जातोय. गेलो. सोंड दुमडत होतो आणि बाहेरून तो आवाज आला. आधी बंदुकीसारखा कडाड, मग लांबलेला गडगडाट, आणि त्यावर शेकडो माणसांचा एकदम 'ओऽऽऽ'. ग्लेशियरचा कडा तुटून पाण्यात पडतो त्या आवाजाला इथले मूळचे त्लिंगित लोक पांढरा गडगडाट म्हणतात हे मी सकाळीच ऐकलं होतं. आमच्या खोलीतली वीस माणसं हातात अर्धवट हत्ती घेऊन एकमेकांकडे बघत राहिली. शिकवणारा बिचारा म्हणाला, आता कान काढूया.

धावत खाली आलो तर पाण्यावर बर्फाचा चुरा पसरलेला आणि लाटेने जहाजाशेजारचे तुकडे अजून हलतायत. आई कठड्याला धरून उभी, तिने सगळं बघितलेलं, आणि ती बोलतच नव्हती, जे आमच्या घरात फार क्वचित होतं. मग म्हणाली, "अगं, आधी काहीच नाही, नुसती पावडर सांडल्यासारखी सांडली, आणि मग अख्खी भिंतच बसली खाली." पुढची पंचवीस मिनिटं मी पापणी न हलवता बघत होते, थंडीने डोळ्यातून पाणी, दोनदा कडाड झालं, पण आवाज ऐकून मान वळवावी तर पडायचं ते पडून गेलेलं. एकदा कपाटाएवढा तुकडा पडला, तोही मला कोपऱ्यातूनच दिसला. मग जहाज वळलं.

लेकीला तेवढं दुःख झालं नाही. तिच्याकडे हत्ती होता आणि रेंजरबाईंनी पुस्तिका भरून घेऊन ज्युनिअर रेंजरचा बिल्ला दिलेला. दुःख मला. दुपारी मी शीट काढून उरलेले दिवस बघितले आणि दोन गोष्टी केल्या. एक, रात्रीचं जेवण पावणेआठचं होतं ते साडेपाचचं करून घेतलं, कारण जूनमध्ये तिकडे सूर्य मावळायला दहा वाजतात, जेवून वर आलं तरी समोर चार तासांचा उजेड. आणि शो, जे होतील तेवढे उशिराचे. दोन, नऊ ते चार या वेळातलं समुद्रावरचं सगळं खोडून टाकलं, अपवाद आईच्या बिंगोचा, कारण ती म्हणाली, मी बघितलं ना जे बघायचं ते, आता मला खेळू दे. याला काय उत्तर देणार.

आणि खरं सांगू का, नुसतं बघत बसणंही जमत नाही सलग. केचिकनला तर इतका पाऊस की डोंगर होते का नव्हते कळलं नाही, त्या दुपारी आम्ही लायब्ररीच्या खिडकीशी रमी खेळलो, मान वर केली की धुकं, मधूनच एखादा गरुड. नवरा म्हणतो त्याला तीच दुपार सगळ्यात आवडली. तो सलग चार डाव जिंकला होता, हे तो सांगत नाही.

शेवटच्या रात्री सगळ्यांनी आपल्या गोव्याच्या वेटरचा निरोप घेतला. आईने उरलेल्या आलेपाकाच्या वड्या त्याला दिल्या. मी सहज विचारलं, तू तर दर आठवड्याला बघत असशील ना ग्लेशियर? तर म्हणाला, "कुठे आंटी, तेव्हा लंचची तयारी असते. सात खेपा झाल्या, नीट असा दोनदाच बघितला." (मी पण आंटीच झाले होते एव्हाना.) मग बाबांनी त्याला आपला फोन दिला, ग्लेशियर पडतानाचा व्हिडिओ. चाळीस सेकंदांचा आहे तो, पहिला एक सेकंद ग्लेशियर, मग कोणाच्या तरी लाल जॅकेटची पाठ, मग बाबांचा अंगठा. तो हातातला ट्रे टेबलावर टेकवून, फोन कानाशी नेऊन व्हिडिओ संपेपर्यंत थांबला, आणि म्हणाला, "काका, आवाज एकदम मस्त आलाय. परत लावा."