ओहोटीचा तास

आठवीत गेले आणि मी धावणं सोडलं. एका लग्नात आत्या सहज बोलून गेली होती, "उन्हात हुंदडून काळी ठिक्कर पडलीस गो! आणि पाय बघ, पुरुषासारखे." तेव्हापासून दप्तर छातीशी धरून चालायचं, खेळाच्या तासाला 'पोटात दुखतंय' सांगून वर्गात बसायचं. रात्री झोप लागेना. आरशासमोर उभी राहिले की रडू यायचं.

खेळाच्या बाईंनी मला बसवून समजावलं वगैरे नाही. शाळेचं मैदान कातळावरचं, पडलं की गुडघे सोलायचे. म्हणून त्या कोळीवाड्यात ओहोटीची वेळ विचारून आम्हा मुलींना पुळणीवर नेत. ओली वाळू टणक. झावळीच्या देठाने खो-खोच्या पाट्या आखायच्या, पोफळीचे दोन खुंट रोवायचे. पाळीच्या दिवसांत स्कर्टची धास्ती नको म्हणून बाईंनी सगळ्यांना गडद निळ्या पँटी शिवायला लावल्या. त्याच आठवड्यात निम्म्या पोटदुख्या थांबल्या.

मी पहिल्यांदा संरक्षणाला उतरले, तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद टिकले. बाईंनी आकडा वहीत लिहिला. पुढच्या खेपेला दोन चाळीस. माझ्या पायांबद्दल कुणीतरी प्रथमच काही मोजून सांगत होतं! तीन मिनिटं झाली त्या रात्री जेवून पडले, ती कोंबडा आरवल्यावरच उठले.

आज मी शाळांमधून समुपदेशन करते. ११ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच तज्ज्ञांनी २०१९ साली १४६ देशांचा अभ्यास मांडला. त्यात जवळजवळ ८५ टक्के मुली तेवढ्या हलत नव्हत्या. माझ्यासमोर बसणाऱ्या मुली आत्याचं ते वाक्य आता मोबाइलवर वाचतात, तेही अनोळखी माणसांकडून. खेळाने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. काहींना डॉक्टरांकडे न्यावंच लागतं, आणि ते वेळेवर न्यावं. पण ज्या मुली संध्याकाळी घाम गाळून येतात, त्यांची झोप आधी सुधारते, मग बोलणं सुटतं. हे मी रोज बघते.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एकच मागणं: दहावीच्या मुलींचा खेळाचा तास गणिताला देऊ नका. पुळणीवर पुन्हा पाट्या आखा. खुंटांसाठी आमच्या वाडीतली पोफळ मी पाठवते.