पोवई नाक्याजवळची खानावळ: आमची वाटचाल

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. त्यातल्या सदर बझारच्या बाजूला, नाक्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर आमची खानावळ आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, सिव्हिल हॉस्पिटल सगळं याच भागात. सासूबाईंनी नव्वदच्या दशकात चार बाकडी टाकून जेवण सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक शोधत कुठं जावं लागलं नाही. माण-खटावातून कोर्टाच्या तारखेला आलेले, पाटण-जावळीतून पेशंट घेऊन आलेले, स्टँडवर उतरून चालत निघालेले लोक दुपारी आपसूक दारात यायचे. सासूबाईंना त्यांची नावं ठाऊक नसायची, पण कोणाचा दावा बांधाचा आणि कोणाचा भावकीतल्या वाटणीचा, हे पाठ असायचं. माणूस दारात दिसला की आधी "काय ओ, लागला का निकाल?" आणि लगेच "बसा, गरम भाकरी टाकते."

मी सून म्हणून या घरात आले आणि पहिली काही वर्षं नुसत्या भाकरी थापल्या. हिशेब, माल, गिऱ्हाईक हे सगळं नंतर हातात आलं. आमची थाळी तेव्हाही साधी होती आणि आजही साधीच आहे: ज्वारीची नाही तर बाजरीची भाकरी, एक उसळ, आमटी, भात, खर्डा, कांदा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मटण. कासच्या फुलांच्या हंगामात बाहेरगावचे पाहुणे येतात आणि तांबडा-पांढरा मागतात. तो कोल्हापूरचा, तिथंच खावा, असं मी त्यांना मोकळेपणानं सांगते आणि त्यांच्यासमोर घेवडा ठेवते.

घेवड्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो आमच्या खानावळीचा कणा आहे. दाण्यावर लालसर पट्टे असतात, म्हणून वाघ्या. रात्री भिजत घालायचा आणि सकाळी पातेल्यातच शिजवायचा. कुकरला लावला की एक शिट्टी जास्त झाली तरी दाणा फुटतो आणि पिठलं होतं. शिजताना पट्टे फिके पडतात आणि पाण्याला दाटपणा येतो, ते पाणी टाकायचं नाही. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजून वाटण करायचं, लसणाची फोडणी, घरचा कांदा-लसूण मसाला, आणि मीठ अगदी शेवटी. खटावचे एक आण्णा दर तारखेला येतात, ते उसळ संपल्यावर वाटीत भाकरीचा तुकडा फिरवून वाटी कोरडी करतात. आमच्या कामाची एवढी पावती मला पुरते.

2018 साली नाक्यावर ग्रेड सेपरेटरचं, म्हणजे चौकाच्या खालून गाड्या नेणाऱ्या भुयारी रस्त्याचं काम सुरू झालं. त्याची गरज होती, हे मी आधी सांगते. स्टँडकडून गोडोलीला जाणारा, कोरेगाव रस्त्यानं आलेला, राजवाड्याकडून खाली उतरलेला, सगळे एकाच चौकात एकमेकांच्या समोर उभे राहायचे. ऑफिसं आणि शाळा भरायची वेळ एक झाली की सिव्हिलला निघालेल्या ॲम्ब्युलन्सलासुद्धा वाट मिळायची नाही. आम्ही ते रोज डोळ्यांनी बघत होतो.

पण खोदाई म्हणजे काय, ते नाक्याच्या आसपास दुकान असलेल्यालाच कळतं. चौकाभोवती उंच पत्रे लागले. दिवसभर ब्रेकरची धडधड. डोंगराच्या पायथ्याचं गाव, खाली काळा खडक, तो फुटताना बाकड्यावरचे पाण्याचे पेले थरथरायचे. उन्हाळ्यात धूळ एवढी की बाराच्या आत आम्ही दाराला ओलं गोणपाट बांधायचो आणि दर तासाला ते पुन्हा भिजवायचो. भाकरीचं पीठ मळायची परात आतल्या खोलीत नेली. ताट वाढून त्यावर दुसरं ताट उपडं घालूनच बाहेर आणायचं, हा नियम तेव्हा पडला तो आजही मोडलेला नाही. पावसाळ्यात धुळीचा चिखल झाला. एकदा पाण्याची लाइन फुटली तेव्हा शेजारच्या बोअरवरून हंडे आणून आम्ही स्वयंपाक केला. गल्ला निम्म्यावर आला, कधी त्याच्याही खाली.

त्या काळात आमची बाकडी म्हणजे सगळ्या सदर बझारची चावडी झाली होती. जेवायला बसलेला प्रत्येक माणूस रस्त्याबद्दलच बोलायचा. शुक्रवार पेठेतले एक निवृत्त गुरुजी म्हणायचे, "शहर वाढायचं तर थोडी धूळ खावी लागते, वहिनी. आमच्या नातवंडांना याचा उपयोग होईल." रिक्षावाल्या काकांचं म्हणणं वेगळं: "फेरा लांबला, पण पॅसेंजर एक रुपया जास्त देत न्हाय. डिझेल कुणाच्या बापाचं?" शेजारच्या स्टेशनरीवाल्या दादांनी तर दुकान दुसरीकडं हलवायची तयारी केली होती. आणि सिव्हिलमध्ये सफाईचं काम करणाऱ्या एक मावशी, रोज गोडोलीहून चालत येणाऱ्या, जेवता जेवता एवढंच म्हणाल्या, "गाड्यांसाठी येवढं करत्यात, चांगलंय. पण म्या रस्ता कुठनं वलांडायचा?"

मावशींच्या या प्रश्नाचं उत्तर आमच्या बाकड्यावर कुणाकडंच नव्हतं. मी तेव्हापासून प्रत्येक बदलाकडं त्यांच्या बाजूनं बघते, कारण खानावळ चालते ती पायी येणाऱ्या माणसावर. गाडीतला माणूस पार्किंग असेल तिथं जेवतो. पायी चालणारा भूक लागेल तिथं जेवतो.

गिऱ्हाईक आमच्यापर्यंत पोचत नव्हतं, तर आम्हीच त्याच्याकडं जायचं ठरवलं. सिव्हिलमध्ये पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांसाठी डबे सुरू केले. पेशंटला सोडून बाहेर पडता येत नाही आणि पडलं तरी पत्र्यांना वळसा घालून यायचं, त्यात तास जायचा. माझे मिस्टर सायकलला दोन पिशव्या अडकवून बोळाबोळातून डबे पोचवायचे. मोटरसायकल जिथं अडायची तिथनं सायकल जायची. दोन भाकरी, उसळ, भात, आमटी. पथ्याचं सांगितलं तर बिनतिखटाची मुगाची आमटी. पुढं खोल्या घेऊन राहणारी कॉलेजची मुलं आली, मग एकटे राहणारे दोन-चार म्हातारे. डब्यावर पैसे कमी सुटतात, पण रोजची खात्री असते. त्या खात्रीवर आम्ही भाकरी करणाऱ्या तिघींपैकी एकीलाही कमी केलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा बाकडी उलटी करून ठेवली, डबे मात्र थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये निम्म्या क्षमतेनं बसून जेवायला परवानगी मिळाली. आणि जानेवारी 2021 मध्ये ग्रेड सेपरेटर वाहतुकीला खुला झाला. सुरुवातीला कुठनं शिरायचं नि कुठं निघायचं, यात लोकांचा गोंधळ उडायचा. मग सवय झाली.

आता फायदा-तोटा दोन्ही सांगते. कोरेगावकडून येऊन गोडोलीकडं जाणारी गाडी भुयारातून सरळ निघून जाते. पूर्वी कोंडीत अडकून "चला, आलोच आहोत तर जेवून जाऊ" म्हणणारं गाडीतलं कुटुंब आता आमच्याकडं वळत नाही. ते गिऱ्हाईक गेलं, आणि परत येईल असं मला वाटत नाही. पण हॉर्नचा आवाज कमी झाला, ॲम्ब्युलन्स अडत नाही, आणि तारखेवाले, दवाखानेवाले, ऑफिसचे लोक पुन्हा चालत यायला लागले. माझा कौल कामाच्या बाजूनंच आहे.

लोकांची मतं मात्र अजून एक होत नाहीत आणि व्हावीत असंही नाही. राजपथावर, म्हणजे बाजारातल्या मुख्य रस्त्यावर, संध्याकाळी गाड्या बंद कराव्यात, असं कॉलेजच्या मुलांना वाटतं. मोती चौकातल्या व्यापाऱ्यांच्या घरातले लोक आमच्याकडं जेवायला येतात, ते म्हणतात, बस्ता बांधायला आलेलं वऱ्हाड गाडी कुठं लावणार? राजवाड्याजवळच्या खाऊगाड्यांच्या चौपाटीचं उदाहरण दोघंही देतात, एक बाजूनं आणि एक विरुद्ध. मला स्वतःला ती चौपाटी आवडते. पेठांमधली घरं संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन चालत तिथं येतात, भेळ खातात, गप्पा मारतात. शहरात अशी एक तरी जागा हवी की जिथं कमी पैशात बाहेर खाता येतं आणि मूल हात सोडून पळालं तरी जिवाला घोर लागत नाही.

हातगाड्यांवरून आमच्या व्यवसायातल्या लोकांशी माझं पटत नाही. हॉटेलवाल्यांना वाटतं, गाडीवाला आपलं गिऱ्हाईक नेतो. माझा अनुभव तसा नाही. चार वाजता वडापाव खाणारा माणूस एक वाजता थाळी जेवणाराच असतो. अडचण होते ती गाडा फुटपाथवर लागल्यानं, आणि तो तिथं लागतो कारण त्याला दुसरी जागा दिलेली नसते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्यांची पाहणी करून त्यांच्यासाठी जागा ठरवायला सांगितलं आहे. तशी जागा आखून द्या, तिथं पाण्याचा नळ आणि कचऱ्याचा डबा द्या, फुटपाथ आपोआप मोकळा होईल. खाण्याची ठिकाणं ही शहराची अडगळ नाही. महामार्गावरून साताऱ्यात शिरताना पहिला मोठा चौक लागतो त्याला लोक बॉम्बे रेस्टॉरंट म्हणतात. तिथं उड्डाणपूल झाला तरी पत्ता सांगताना तेच नाव तोंडात येतं.

सप्टेंबर 2020 मध्ये शहराची हद्द वाढली, 2021 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. म्हणजे सिव्हिलच्या वाटेवर माणसं वाढणारच. म्हणून आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी मिळून अर्ज केला आहे: स्टँडपासून कोर्ट आणि सिव्हिलपर्यंत सलग फुटपाथ, ओलांडायला ठळक पट्टे, आणि मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आतली वेळ. सह्या घ्यायला मी आणि स्टेशनरीवाले दादा घरोघरी फिरलो. त्यांनी दुकान हलवलं नाही. पहिली सही गुरुजींनी केली आणि दुसरी मावशींची घेतली.

आमच्याकडूनही एक बदल केला आहे. म्हसवड-दहिवडीकडून येणारी माणसं पहाटे घर सोडतात आणि कोर्टाचा पुकारा होईपर्यंत चहावर बसून राहतात. त्यांना पोहे-उपीट नको असतं, भाकरी हवी असते. आता आमचा तवा साडेआठलाच चढतो. नऊ वाजता घेवडा आणि भाकरी तयार असते, मटण मात्र बारानंतरच.