ब्रेमरच्या कुंपणाबाहेर, विंचेस्टरच्या चरात

इंग्लंडमधल्या ब्रेमर गावाजवळच्या मिझमेझमध्ये, म्हणजे गवतात कोरलेल्या चक्रव्यूहात, चालता येत नाही. निघण्याआधी हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितोय. पाहिलेल्या फोटोंत माणसं आत फिरताना दिसत होती. प्रत्यक्षात भोवती कुंपण आहे आणि आत पाय ठेवायला मनाई.

गवताचा थर कापून काढलेले हे चक्रव्यूह. एकच वाट, फाटे नाहीत, वळसे घेत ती मध्यावर नेते. इंग्लंडमध्ये असे जुने जेमतेम आठ उरलेत, त्यातले दोन हॅम्पशायर परगण्यात: एक ब्रेमरला, एक विंचेस्टरला.

सॉल्सबरीहून एक्स३ बस ब्रेमर गावातून जाते. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने ‘तिकडे बस नाही’ असं ठणकावून सांगितलं आणि भरमसाट भाडं घेतलं. गावात शिरताना समोरून तीच बस आली. संताप आला, अजूनही येतो. बसनेच जा.

खरा त्रास ब्रेमर हाउस या जुन्या वाड्याच्या पुढे. चढ किरकोळ आहे, सह्याद्रीत फिरणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पण पावसानंतर जंगलातल्या वाटेवर जमिनीतला पांढरा खडू आणि चिकणमातीचा असा राडा होतो की दर पावलाला बुटाखाली गोळा धरतो. कडेने जावं तर काटेरी झुडपं, मधून जावं तर घोट्यापर्यंत चिखल. काठी हवीच. दोन-तीन दिवस ऊन पडलेलं नसेल तर हा टप्पा करू नका, सरळ विंचेस्टरला जा.

वर यू आणि हेझलच्या झाडीत तो चक्रव्यूह एकदम पुढ्यात येतो: अकरा वळसे, मध्ये उंचवटा. थकवा विसरायला लावणारं दृश्य आहे, यात शंका नाही. आणि कुंपण का, तेही तिथे उभं राहिलं की पटतं. इथे वाट म्हणजे गवताची वरंब, आणि मधले चर खडूमुळे पांढरे. वरंबेवर पावलं पडली की कडा ढासळतात, माती चरात उतरते, तिच्यावर गवत धरतं आणि आकृती बुजते. बरं, माणसं लांब ठेवली तरी गवत वाढायचं थांबत नाही. ते कोणीतरी कापत राहावंच लागतं.

विंचेस्टरच्या सेंट कॅथरिन टेकडीवर उलटं आहे. तिथे चालायचं चरातून. पावलांनी तळ उघडा राहतो, पण चर रुंदावत जातो. एकोणिसाव्या शतकात तिथली आकृती जुन्या आराखड्यावरून पुन्हा कोरावी लागली होती. म्हणजे आज आपण चालतो ती रेघ मूळची किती, हा प्रश्न उरतोच. चर इतका अरुंद की पावलापुढे पाऊल टाकावं लागतं. वळणावर तोल गेला तरी वरंबेवर पाय देऊ नका आणि मध्यावरून आडवे बाहेर पडू नका. लोक सर्रास तसे बाहेर पडतात. नदीकाठची वाट सोपी, वरती लाकडी पायऱ्या आहेत.

एसेक्सच्या सॅफ्रन वॉल्डनचा चक्रव्यूह सगळ्यात मोठा, वाट दीड किलोमीटरच्या आसपास. 1699 मध्ये तो कोरायला 15 शिलिंग दिल्याची नोंद आहे, म्हणजे डागडुजीचा खर्च तेव्हापासून चालूच. 1911 मध्ये चरात विटा बसवल्या. रेघ टिकली, पण पायाखाली खडू लागत नाही. मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर हाच निवडा.

एकच दिवस असेल तर विंचेस्टर. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी चरात सावली पडत नाही आणि सगळं सपाट कुरण दिसतं.